उसनी गेलेली पुस्तके आणि पायथनचे ऑब्जेक्ट

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचे बहुतेक धडे कुत्र्या-मांजरांपासून सुरू होतात. प्राणी हा क्लास, कुत्रा हा त्याचा वारस, तो भुंकतो आणि मांजर म्याव करते. वाचणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसला की त्याला काहीच सुचत नाही. कारण कुत्र्याच्या उदाहरणात अडचणच नसते, आणि अडचण भोगल्याशिवाय क्लास कशासाठी असतो ते कळत नाही. म्हणून इथे आपण आधी क्लासशिवाय एक छोटा प्रोग्राम लिहू, तो मोडताना पाहू, आणि मगच क्लासकडे जाऊ.

काम साधे आहे. तुमच्याकडे काही पुस्तके आहेत, मित्रमैत्रिणी ती वाचायला नेतात, आणि कोणते पुस्तक कोणाकडे आहे हे लक्षात राहत नाही. भाषा पायथन. गुइडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम लोकांसमोर आणली आणि आज नवशिक्यांना बहुधा हीच सुचवली जाते. व्हेरिएबल, इफ, फॉर आणि फंक्शन एवढे तुम्हाला येते असे मी धरून चालतो. ते येत नसेल तर आधी आठवडाभर त्यावर घालवा. तो वेळ वाया जात नाही.

तयारी आणि देवनागरीबद्दल थोडे

पायथन अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या. विंडोज आणि मॅकच्या इन्स्टॉलरबरोबर आयडल नावाचा साधा एडिटर मिळतो, तेवढा पुरतो. सुरुवातीला कोड आपोआप पूर्ण करून देणारी साधने बंद ठेवा. हाताने टाइप केलेली ओळ जितकी लक्षात राहते तितकी दुसऱ्याने पुरी केलेली राहत नाही.

पायथन ३ मध्ये व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लास यांची नावे देवनागरीत ठेवता येतात. मी इथे तसेच केले आहे, कारण शिकताना ‘पुस्तक’ आणि ‘कोणाकडे’ हे शब्द डोक्यात भाषांतर न करता वाचता येतात. भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन अक्षरांतच टाइप करावे लागतात: क्लास, डेफ, इफ, फॉर, इन, रिटर्न, रेझ, प्रिंट वगैरे. या लेखात ते देवनागरीत छापले आहेत, तुम्ही रोमनमध्ये टाका. ट्रू, फॉल्स आणि नन (म्हणजे ‘काहीच नाही’) यांचे पहिले अक्षर कॅपिटल असते. व्हॅल्यूएरर हा एकच जोडशब्द आहे, त्यातला व्ही आणि ई कॅपिटल. कोडमधल्या संख्याही इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) लिहा. गंमत म्हणजे वापरणाऱ्याने इनपुटमध्ये ‘३२०’ असे देवनागरीत टाइप केले तर इंट हे फंक्शन ते बिनतक्रार संख्येत बदलून देते. अडचण फक्त कोडात थेट लिहिलेल्या आकड्यांची आहे.

आणखी दोन खाचखळगे आहेत. पुष्कळ जण विसर्गाऐवजी कोलनचे चिन्ह दाबतात. नावात असा कोलन शिरला की पायथन अडखळते. आणि काही कीबोर्ड जोडाक्षर बनवताना मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतात. तेही नावात चालत नाही. ‘न दिसणारे अक्षर सापडले’ अशा अर्थाची चूक आली, तर ते नाव पुसून साध्या अक्षरांत पुन्हा लिहा.

पायरी १: क्लासशिवाय लिहा आणि मोडू द्या

नावे = ["भूगोल", "गणित", "व्याकरण"]
पाने = [३२०, १८०, २४०]
कोणाकडे = ["", "वैदेही", ""]

तीन याद्या आहेत. पहिल्या यादीतले पहिले नाव, दुसरीतली पहिली संख्या आणि तिसरीतली पहिली जागा मिळून एक पुस्तक होते. हे नाते कोडात कुठेही लिहिलेले नाही, ते फक्त तुमच्या डोक्यात आहे. आता एक ओळ वाढवा:

नावे.सॉर्ट()

नावे आता गणित, भूगोल, व्याकरण अशी लागली, पण बाकीच्या दोन याद्या जागच्या जागी राहिल्या. गणिताला भूगोलाची ३२० पाने चिकटली आणि वैदेहीने नेलेले गणित आता भूगोल दिसू लागले. पायथनने एकही चूक दाखवली नाही. माहिती खोटी झाली आणि प्रोग्राम हसतमुखाने चालत राहिला.

हा प्रयोग खरोखर करून पाहा, नुसता वाचू नका. जे एकत्र असायला हवे ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले, हे या दुखण्याचे मूळ. त्यावर इलाज म्हणजे नाव, पाने आणि कोणाकडे या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधायच्या. त्या गाठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. नॉर्वेमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा बनवली आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास व ऑब्जेक्ट आले. त्यांना खऱ्या जगातल्या घडामोडींची संगणकावर प्रतिकृती चालवून पाहायची होती. तिथे प्रत्येक वस्तूची स्वतःची अवस्था आणि स्वतःची वागणूक असणे ही कामाचीच गरज होती. क्लास गरजेतून जन्मला, म्हणून तो गरजेतूनच शिकावा असे मला वाटते.

पायरी २: पहिला क्लास

क्लास पुस्तक:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, पाने):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.पाने = पाने
        सेल्फ.कोणाकडे = नन

पहिले = पुस्तक("भूगोल", ३२०)
दुसरे = पुस्तक("गणित", १८०)
प्रिंट(पहिले.नाव, दुसरे.पाने)

इनिट या शब्दाचे स्पेलिंग आय-एन-आय-टी. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लागतात. एकच दिला तर पायथन तक्रार करत नाही, पण ती मेथड आपोआप चालत नाही आणि पुस्तक बनवतानाच गाडी अडते. डेफच्या आधी चार स्पेस, त्याच्या आतल्या ओळींना आठ.

क्लास म्हणजे ‘पुस्तक कसे असते’ याचे वर्णन. ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ ही त्या वर्णनानुसार बनलेली दोन वेगळी ऑब्जेक्ट. पुस्तक("भूगोल", ३२०) असे लिहिताच पायथन आधी एक कोरे ऑब्जेक्ट तयार करते, मग ते __इनिट__ च्या हाती सोपवते, आणि __इनिट__ त्यात नाव-पाने भरते. म्हणजे __इनिट__ ऑब्जेक्ट जन्माला घालत नाही, जन्मलेल्याला पहिले कपडे चढवते. सेल्फ.नाव, सेल्फ.पाने यांना ॲट्रिब्यूट म्हणतात.

सेल्फ.नाव = नाव या ओळीवर थोडे थांबा, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण गोंधळतो. उजवीकडचे ‘नाव’ कंसातून आत आलेले मूल्य आहे. __इनिट__ संपले की ते नाहीसे होते. डावीकडचे ‘सेल्फ.नाव’ ऑब्जेक्टला चिकटते आणि ऑब्जेक्ट असेपर्यंत टिकते. दोन्हींचे नाव सारखेच हवे असा नियम नाही. पटत नसेल तर कंसात ‘नाव’ऐवजी ‘शीर्षक’ ठेवून सेल्फ.नाव = शीर्षक असे लिहून बघा.

पायरी ३: सेल्फचे कोडे

पुस्तक द्यायचे आणि परत घ्यायचे काम आता पुस्तकाच्याच हाती देऊ. क्लासच्या आत लिहिलेल्या फंक्शनला मेथड म्हणतात.

    डेफ आहे_का(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ.कोणाकडे इज नन

    डेफ द्या(सेल्फ, व्यक्ती):
        इफ नॉट सेल्फ.आहे_का():
            रेझ व्हॅल्यूएरर(सेल्फ.नाव + " आधीच दिलेले आहे")
        सेल्फ.कोणाकडे = व्यक्ती

    डेफ परत_घ्या(सेल्फ):
        सेल्फ.कोणाकडे = नन

आता खाली पहिले.द्या("वैदेही") असे लिहा. द्या या मेथडच्या कंसात दोन गोष्टी आहेत, सेल्फ आणि व्यक्ती, पण आपण एकच दिली. दुसरी कुठून आली? उत्तर समजावण्यापेक्षा करून पाहणे बरे. त्या ओळीऐवजी ही लिहा:

पुस्तक.द्या(पहिले, "वैदेही")

परिणाम तोच. बिंदूच्या डावीकडचे ऑब्जेक्ट उचलून पायथन ते पहिल्या जागी ठेवते, आणि त्या जागेचे नाव सेल्फ. दोन्ही ओळी आलटून-पालटून पाच-सहा वेळा चालवल्या की सेल्फमधले गूढ संपते. सेल्फ हा पायथनचा राखीव शब्दही नाही. तिथे ‘हे’ किंवा ‘आपण’ लिहिले तरी प्रोग्राम चालेल. पण जगभरचे पायथन लिहिणारे सेल्फच लिहितात. तुमचा कोड दुसरा कोणी वाचणार असेल तर तो संकेत मोडू नका.

आता मुद्दाम एक चूक करा: परत_घ्या च्या कंसातला सेल्फ पुसा आणि पहिले.परत_घ्या() चालवा. टाइपएरर येईल. तिचा अर्थ असा की मेथडला शून्य मूल्ये अपेक्षित होती, पण एक मिळाले. तुम्ही तर काहीच दिलेले नसते. न दिलेले ते एक मूल्य म्हणजे पहिले हे ऑब्जेक्ट. ही चूक ओळखीची झाली की पुढे असे तासन्‌तास वाया जात नाहीत.

द्या मेथडमधली रेझची ओळ (रेझ म्हणजे मुद्दाम चूक दाखवून काम तिथेच थांबवणे) छोटी आहे, पण सगळा प्रोग्राम तिच्यावर उभा आहे. पहिल्या पायरीत एकाच वेळी एक पुस्तक दोघांकडे नोंदवायला कोणीच अडवत नव्हते. इथे पुस्तक स्वतःच्या नोंदीची राखण स्वतः करते. माहिती आणि तिची जबाबदारी एकाच ठिकाणी ठेवायची, ऑब्जेक्टचे सारे काम एवढेच आहे. मोठमोठ्या संज्ञा पुढे येतील तेव्हा या वाक्याला धरून राहा.

पायरी ४: दोन नावे, एक ऑब्जेक्ट

या पायरीवर दोन दिवस लागले तरी चालेल. मी ज्यांना शिकवले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अवघड चुका शेवटी इथेच येऊन थांबत.

माझे = पहिले
माझे.परत_घ्या()
माझे.द्या("आरिफ")
प्रिंट(पहिले.कोणाकडे)

काय छापले जाईल? आधी कागदावर लिहा, मग चालवा. ‘आरिफ’ छापले जाते. माझे = पहिले या ओळीने पुस्तकाची प्रत बनली नाही. त्याच ऑब्जेक्टला दुसरे नाव मिळाले. पायथनमध्ये व्हेरिएबल म्हणजे वस्तू ठेवण्याचा डबा नसून वस्तूला लावलेली चिठ्ठी असते, आणि एका वस्तूला कितीही चिठ्ठ्या लावता येतात. कागदाच्या डाव्या बाजूला नावे आणि उजव्या बाजूला ऑब्जेक्टच्या चौकटी काढा. प्रत्येक नावापासून त्याच्या चौकटीकडे बाण काढत प्रोग्राम ओळीओळीने चालवा. हा कागदाचा सराव कोणत्याही व्हिडिओपेक्षा उपयोगी पडतो.

दोन चिठ्ठ्या एकाच ऑब्जेक्टवर आहेत का, हे इज विचारतो. दोन ऑब्जेक्ट एकसारखी आहेत का, हे दोन बरोबर-चिन्हांनी विचारतात. पुस्तक("गणित", १८०) दोनदा लिहून दोन ऑब्जेक्ट बनवलीत आणि == ने तपासलीत तरी फॉल्स येईल. एकसारखे कशाला म्हणायचे हे तुम्ही सांगितलेले नसेल, तर पायथन ओळख तपासते. ते सांगण्यासाठी __ईक्यू__ नावाची मेथड असते. तिची गरज पडेल तेव्हा तिच्याकडे वळा.

याच मुळाची दुसरी चूक जास्त छुपी आहे. समजा, आजवर पुस्तक कोणी-कोणी वाचले याची यादी ठेवायची आहे आणि कोणी असे लिहिले:

क्लास पुस्तक:
    वाचक = []

आणि द्या मध्ये सेल्फ.वाचक.अपेंड(व्यक्ती). गणित वैदेहीला द्या, मग भूगोलाचे वाचक छापा. तिथेही वैदेही! ती यादी क्लासच्या अंगणात बनली, एकदाच बनली, आणि सगळी पुस्तके त्या एकाच यादीत लिहू लागली. प्रत्येक पुस्तकाला स्वतःची यादी हवी असेल तर सेल्फ.वाचक = [] ही ओळ __इनिट__ च्या आत हवी, कारण __इनिट__ प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नव्याने चालते. __इनिट__ च्या कंसात वाचक=[] असे ठरावीक मूल्य दिले तरी हीच गत होते. ती रिकामी यादीही डेफची ओळ चालते त्या क्षणी एकदाच तयार होते.

मग क्लासच्या अंगणात काय ठेवावे? जे सगळ्यांचे खरोखर सामाईक आहे आणि सहसा बदलत नाही ते. पुस्तक जास्तीत जास्त किती दिवस नेता येते, हा आकडा तिथे शोभतो.

आणखी एक सापळा, आणि तो मराठीत नावे ठेवणाऱ्यांना हमखास सापडतो. पहिले.कोनाकडे = "आरिफ" असे, ण च्या जागी न पडून, लिहिले गेले तर पायथन चूक दाखवत नाही. ‘कोनाकडे’ नावाचे नवे ॲट्रिब्यूट निमूटपणे तयार होते आणि खरे ‘कोणाकडे’ जसेच्या तसे राहते. नसलेले ॲट्रिब्यूट वाचायला गेलात तर ॲट्रिब्यूटएरर येतो, पण त्याला मूल्य देताना येत नाही. म्हणून बाहेरून थेट ॲट्रिब्यूट बदलण्यापेक्षा द्या, परत_घ्या अशा मेथडमधून बदलावे. मेथडचे नाव चुकले तर निदान लगेच कळते.

पायरी ५: ऑब्जेक्टला स्वतःची ओळख सांगू द्या

प्रिंट(पहिले) लिहून पाहा. क्लासचे नाव आणि अक्षर-आकड्यांचा एक विचित्र पत्ता छापून येईल. त्यावर उपाय सोपा आहे:

    डेफ __स्ट्र__(सेल्फ):
        रिटर्न सेल्फ.नाव + ", " + स्ट्र(सेल्फ.पाने) + " पाने"

इथे स्ट्र म्हणजे एस-टी-आर. दुहेरी अंडरस्कोरच्या मेथड आपण सहसा नावाने हाक मारून चालवत नाही. योग्य प्रसंग आला की पायथनच त्यांना बोलावते. प्रिंटने __स्ट्र__ ला बोलावले, तसे लेन हे फंक्शन __लेन__ ला बोलावते. म्हणजे याद्या, शब्द, संख्या ही सगळी आधीपासून ऑब्जेक्टच आहेत आणि नावे.सॉर्ट() लिहिताना तुम्ही मेथडच वापरत होता. (लेन("मराठी") चे उत्तर ५ येते. काने आणि वेलांट्या पायथन वेगळ्या मोजते, हे देवनागरीत काम करताना ध्यानात असू द्या.)

पायरी ६: ऑब्जेक्टच्या पोटात ऑब्जेक्ट

एकटे पुस्तक फार काही करत नाही. त्यांचा संग्रह हवा.

क्लास संग्रह:
    डेफ __इनिट__(सेल्फ):
        सेल्फ.पुस्तके = []

    डेफ जोडा(सेल्फ, पु):
        सेल्फ.पुस्तके.अपेंड(पु)

    डेफ बाहेर_गेलेली(सेल्फ):
        यादी = []
        फॉर पु इन सेल्फ.पुस्तके:
            इफ नॉट पु.आहे_का():
                यादी.अपेंड(पु)
        रिटर्न यादी

    डेफ नावाने_लावा(सेल्फ):
        सेल्फ.पुस्तके.सॉर्ट(की=लॅम्डा पु: पु.नाव)

शेवटच्या मेथडमधला लॅम्डा म्हणजे एका ओळीतले बिननावाचे फंक्शन; कशावरून क्रम लावायचा ते तो सांगतो. ती मेथड चालवा आणि पहिल्या पायरीची आठवण करा. आता नाव हलले की पाने आणि कोणाकडे हेही त्याच्याबरोबर हलतात, कारण ते एकाच गाठोड्यात आहे. (लावण्याचा क्रम युनिकोडचा असतो. वर्णमालेत शेवटी येणारा क्ष इथे क च्या गटात सापडेल.)

बाहेर_गेलेली मध्ये संग्रह पुस्तकाच्या पोटात डोकावून ‘कोणाकडे’ तपासत नाही, तो आहे_का() असे विचारतो. फरक बारीक वाटतो, पण उद्या तुम्ही ‘कोणाकडे’ची रचना बदललीत, नावाऐवजी व्यक्ती नावाचे ऑब्जेक्ट ठेवलेत, तरी संग्रहातली एकही ओळ बदलावी लागणार नाही. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच. पायथनमध्ये कडक कुलूप नसते. नावाच्या सुरुवातीला एक अंडरस्कोर दिला की ‘हे आतले आहे, बाहेरून हात लावू नका’ असा संकेत मिळतो आणि लोक तो पाळतात. जावा या भाषेत मात्र प्रायव्हेट लिहिले की कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्राम, अडवतो.

एक ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या पोटात ठेवण्याच्या या पद्धतीला कंपोझिशन म्हणतात. पुस्तकी धड्यांत तिला कोपऱ्यातली जागा मिळते आणि सगळा मान इनहेरिटन्सला, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेण्याला, जातो. माझ्या मते क्रम उलटा हवा. रोजच्या कामात आधी कंपोझिशनने भागते का ते पाहावे.

पायरी ७: इनहेरिटन्स, आणि तो कुठे फसतो

संग्रहात नियतकालिकेही आहेत. त्यांना नाव आणि पाने असतात, ती दिली-घेतली जातात, शिवाय त्यांना अंक असतो.

क्लास नियतकालिक(पुस्तक):
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, पाने, अंक):
        सुपर().__इनिट__(नाव, पाने)
        सेल्फ.अंक = अंक

    डेफ __स्ट्र__(सेल्फ):
        रिटर्न सुपर().__स्ट्र__() + ", अंक " + स्ट्र(सेल्फ.अंक)

कंसातले ‘पुस्तक’ म्हणजे मूळ क्लास. द्या, परत_घ्या, आहे_का हे सगळे न लिहिताच मिळाले. सुपर() म्हणजे ‘मूळ क्लासचे काम आधी करून घे’. ती ओळ गाळून पाहा: नियतकालिक बनेल, पण छापायला जाताच ‘नाव’ सापडत नाही अशी चूक येईल, कारण नाव भरणारे __इनिट__ चाललेच नाही.

संग्रहात नियतकालिक जोडा आणि सगळी यादी फॉरने छापा. पुस्तक त्याच्या पद्धतीने छापले जाईल, नियतकालिक त्याच्या, आणि छापणाऱ्या ओळीला कोण कोणता हे माहीतही नसेल. याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. शब्द अवजड आहे, पण त्याचा फायदा मोठा. नवा प्रकार आला तरी जुना कोड उघडावा लागत नाही. पायथन तर त्याहून पुढे जाते. वारसा असो वा नसो, नाव आणि आहे_का() ही मेथड असलेले कोणतेही ऑब्जेक्ट संग्रहाला चालते.

आता एक प्रसंग, ज्यात भलेभले घसरतात. तुमच्याकडे एक जाडजूड शब्दकोश आहे आणि तो तुम्ही कोणालाच देत नाही. मनात लगेच येते: संदर्भग्रंथ(पुस्तक) असा क्लास काढू आणि त्यातल्या द्या मेथडमध्ये थेट ‘हे देता येत नाही’ अशी चूक फेकू. भाषेत हे बरोबर वाटते, कारण शब्दकोश हे पुस्तकच आहे. पण जिथे जिथे ‘हे पुस्तक आहे आणि घरात आहे, म्हणजे देता येईल’ असे गृहीत धरलेले असेल, तिथे तिथे प्रोग्राम आता कोसळेल. मूळ क्लासने दिलेले वचन वारसाने मोडले.

संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये हा विचार नेमकेपणाने मांडला: मूळ प्रकाराच्या जागी वारस प्रकार ठेवला तरी प्रोग्राम बिघडता कामा नये. २००८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. व्यवहारात हा नियम तपासायचा तर इनहेरिटन्स लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. ‘हा त्याचाच प्रकार आहे का?’ हा पहिला. ‘त्याच्या प्रत्येक मेथडला हा तितकाच खरा उतरतो का?’ हा दुसरा, आणि बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात.

शब्दकोशासाठी नवा क्लास नकोच. __इनिट__ मध्ये देता_येते=ट्रू असे एक मूल्य वाढवा, आणि पुस्तक देण्याजोगे आहे का हे सांगणारी मेथड त्याचाही विचार करू दे. मेथडचे नाव तेव्हा आहे_का वरून देता_येईल_का करा, कारण नावाने खरे सांगितले पाहिजे. मात्र बाहेर_गेलेली मध्ये आता अडचण होईल. न देता येणारा शब्दकोश ‘बाहेर गेलेला’ दिसू लागेल. म्हणजे ‘घरात आहे का’ आणि ‘देता येईल का’ हे प्रश्न मुळातच वेगळे होते, आपण ते एकत्र गुंडाळले होते. दोन मेथड करा आणि बाहेर_गेलेली ला पहिली वापरू द्या. द्या मेथडने दुसरी तपासावी. प्रोग्राम सुधारता सुधारता विषयच नीट समजतो, तो असा. मला या कामाची ओढ लागली ती यासाठीच.

पुढच्या काही आठवड्यांत

याच प्रोग्रामला वाढवत राहा, नवा सुरू करू नका. व्यक्ती नावाचा क्लास काढा आणि ‘कोणाकडे’मध्ये नावाऐवजी ते ऑब्जेक्ट ठेवा. पुस्तक नेल्याची तारीख नोंदवा. त्यासाठी पायथनबरोबर येणारे डेटटाइम मॉड्यूल आहे. नोंदी फाइलमध्ये साठवा, नाहीतर प्रोग्राम बंद होताच सगळे विसरले जाते. निव्वळ माहिती ठेवणाऱ्या क्लाससाठी __इनिट__ पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला की डेटाक्लास बघा. २०१८ मध्ये आलेल्या पायथन ३.७ पासून ते मिळते. पण आधी हाताने लिहा.

चूक सांगणारा संदेश आला तर तो खालून वर वाचा. चूक कोणत्या प्रकारची आहे ते शेवटच्या ओळीत असते, तिच्या वर कोडातली जागा. आणि टाइप(पहिले), डिर(पहिले) ही दोन फंक्शन हाताशी ठेवा. टाइप क्लास सांगते, डिर त्या ऑब्जेक्टकडची सगळी नावे. ‘कोनाकडे’सारखी घुसखोर नावे तिथे लगेच दिसतात.

पायथन रुळल्यावर दुसरी भाषा सोपी जाते. जावामध्ये ऑब्जेक्ट बनवताना न्यू लिहावे लागते, सेल्फऐवजी धिस येतो आणि तो कंसात लिहायचा नसतो, आणि व्हेरिएबलचा प्रकार बहुधा आधी सांगावा लागतो. सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्ट मेमरीत किती काळ राहते हेही तुम्हालाच पाहावे लागते, म्हणून चौथ्या पायरीतले चौकट-बाण तिथे दुप्पट कामी येतात.

आजचे काम मात्र एवढेच: तिसऱ्या पायरीपर्यंतचा कोड न बघता, कोऱ्या फाइलमध्ये लिहून काढा. अडलात तर लेख उघडा, वाचा, बंद करा, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहा. एकदाही न उघडता पहिले.द्या("वैदेही") दोनदा चालवून दुसऱ्यांदा ‘भूगोल आधीच दिलेले आहे’ अशी चूक स्क्रीनवर आली, की चौथ्या पायरीला लागा.